दुसरा पेला

देवांच्या अमृताची तीन नावं आमच्या घरात तीन वेगवेगळ्या पदार्थांना दिलेली होती. पीयूष म्हणजे ताकात श्रीखंड घुसळून, वर जायफळ घालून प्यायला देतात ते. सुधारस म्हणजे लिंबू पिळलेला साखरेचा पाक, पुरीशी खायचा. आणि पंचामृत तर दोन तऱ्हेचं. एक देवापुढच्या वाटीतलं, दुसरं पानात डावीकडे वाढायचं, मिरच्या आणि चिंच-गुळाचं. शेजारच्या हिंदी घरांतही हे शब्द होते, पण पंचामृत सोडलं तर बाकीचे पोथीतच राहिले होते. माझ्या थोरल्या भावाला, दादांना, या गोष्टीचा अभिमान होता. "देवांना एकदाच मिळालं, तेही भांडून," ते म्हणत. "आपल्याकडे सणावाराला मिळतं."

दादांना हे सगळं ठाऊक असण्याचं कारण त्यांची नोकरी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदारांकडे ते आबदार होते. आबदारखाना म्हणजे त्या घरचं पिण्याच्या पदार्थांचं खातं. पाणी गाळणं, वाळा घालून गार करणं, उन्हाळ्यात पन्हं, गुलाबाचं सरबत, पाहुण्यांसाठी पीयूष, थंडीत केशरी दूध. आमचे आजोबा त्या सरदारांच्या पूर्वजांबरोबर दख्खनेतून घोड्यावर बसून आलेल्यांच्या वंशातले. वडिलांच्या वेळेला घोडा सुटला आणि हातात झारी आली. मी चार इयत्ता जास्त शिकलो म्हणून सरकारी हिशेबाच्या कचेरीत लागलो. दादांनी वडिलांची झारी घेतली.

त्या आबदारखान्याचा एक कायदा होता आणि दादा तो आम्हांला पुन्हा पुन्हा सांगत. पाहुण्याचा पेला रिकामा दिसता कामा नये. "आणखी देऊ का?" असं विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे त्याच्या तहानेची चौकशी करणं. पेला ओठांवरून खाली येत असतानाच भरायचा. ज्याला पुरे झालं असेल त्याने पेल्यावर आडवा तळवा धरायचा. हात दिसला की आबदार मागे सरकतो. त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही खूण ठाऊक होती, त्यामुळे कोणाची गैरसोय होत नसे आणि फुकटही काही जात नसे. हे शेवटचं वाक्य माझं आहे. दादांनी असा विचार कधी केला नाही.

संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं राज्य झालं, मग जहागिऱ्या गेल्या. सरदारांचं घर एकदम बंद झालं नाही. आधी तबेला गेला, मग गाद्या-तंबूंचा फरासखाना, मग स्वयंपाकी कमी झाले. आबदारखाना शेवटी गेला. सरदारांनी दादांना बोलावलं, कल्हई केलेले पितळी पेले आणि झारी त्यांच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता पाणी मी माझं घेत जाईन." दादा हे सांगताना सरदारांचा राग करत नसत. त्यांना वाईट वाटे ते सरदारांना माठ कुठे ठेवलाय हेसुद्धा माहीत नव्हतं याचं.

दादा आणि वहिनी आमच्याकडे राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या, त्यांतली एक त्यांना दिली. काही वर्षं अशीच गेली. मी दादांसाठी कामं शोधत राहिलो. बिर्लानगरात एका गिरणीच्या फाटकावर दरवानाची जागा आहे असं कळलं, तेव्हा मी अर्ज लिहूनसुद्धा ठेवला.

"फाटकावर काय करायचं?" दादांनी विचारलं.

"आत येणाऱ्यांना विचारायचं, कोण, कुठले."

"म्हणजे अडवायचं. अरे, जन्मभर मी आलेल्याला बसवलं. आता उठवायला जाऊ?"

अर्ज तसाच राहिला.

मग पुनर्रचनेच्या बातम्या येऊ लागल्या. मध्यभारत मोडणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. आमच्या कचेरीत त्या दिवसांत काम कमी आणि बोलणं जास्त चाले. कोणतं खातं जबलपूरला, कोणतं भोपाळला, कोणाला इथेच ठेवणार. आमचं खातं भोपाळला जाणार हे पक्कं झालं, तेव्हा मी घरी येऊन सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. हिवाळ्याच्या तोंडाशी निघायचं. तिथे दोन खोल्यांचा सरकारी क्वार्टर. मी, पत्नी, दोन मुलं, दादा आणि वहिनी.

"आम्ही येत नाही," दादा म्हणाले.

"दादा, इथे तुम्ही राहणार कशावर?"

"तिथे मी कोण? साहेबांचा भाऊ. इथे मी आबदार होतो हे निदान चार माणसांना ठाऊक आहे."

मी स्पष्ट बोलतो, तेव्हाही बोललो. एका पगारात दोन गावांत दोन बिऱ्हाडं मला चालवता येणार नाहीत. इथे राहायचं तर तुमचं तुम्हांला पुरेल असं काहीतरी कचेरी हलण्याआधी उभं राहायला हवं. नाही राहिलं तर सामान बांधून भोपाळला यायचं. दादांनी हे मान्य केलं. वहिनींनी मान डोलावली आणि आत गेल्या. तेव्हापासून घरात सगळ्यांना एकच घोर होता, की थंडीपर्यंत दादांचं बस्तान बसतंय का.

दादांनी सरबतांचं दुकान काढायचं ठरवलं. दाल बाज़ाराच्या एका टोकाला, धान्याच्या आडतीला लागून एक उघडा ओटा आणि त्यामागे अंधारी खोली मिळाली. जागा चांगली होती. दिवसभर पोती उचलणारे पल्लेदार, दुकानांचे मुनीम, बैलगाड्यांतून आलेले शेतकरी, आणि चैत्रापासून ग्वाल्हेरची लू, म्हणजे अंग भाजणारा वारा. अशा ठिकाणी गार सरबत खपणार नाही असं कोणी म्हणालं नसतं. मीही म्हणालो नाही.

पहिली अडचण पाटीची झाली. दादांनी पेंटरला मराठीत यादी दिली. पीयूष, पन्हं, वाळ्याचं सरबत, ताक, केशरी दूध. पेंटर तिथलाच हिंदी माणूस. त्याने ब्रश कानावर ठेवून विचारलं, "दद्दा, ये वाळा क्या होता है?"

"खस."

"तो खस लिखूँ?"

"वाळा लिहा. बाजूला खस लिहा."

"और पन्हं?"

"आम का पना."

"और पीयूष?" पेंटर हसायलाच लागला. "हमारे सेठजी के पोते का नाम है. उसको पिलाओगे क्या?"

दादा हसले नाहीत. पीयूष म्हणजे देवांचं पेय, हे त्यांनी त्याला हिंदीत समजावून सांगितलं. त्यांची हिंदी मराठीच्या चालीवर चाले. पेंटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक है. देवता लोग आएँ तो बता देना, बाक़ी सब लस्सी माँगेंगे." शेवटी पाटीवर मोठ्या अक्षरांत खस, लस्सी, पना, ठंडाई आणि खाली बारीक अक्षरांत आमचे शब्द असं ठरलं. ठंडाईत भांग घालायची नाही, एवढ्या अटीवर दादांनी तिला पाटीवर जागा दिली.

दुकान चाललं. पहिल्या आठवड्यातच ओट्यासमोर माणसं उभी दिसू लागली. दादा पांढरा सदरा घालून, खांद्यावर पंचा टाकून उभे असत. समोर कल्हईचे पेले उन्हात चकाकत. खस हिरवागार, वास रस्त्यापर्यंत. संध्याकाळी घरी आले की वहिनी विचारत, "गर्दी होती?" आणि दादा म्हणत, "उसंत नव्हती." मी मनातल्या मनात भोपाळच्या क्वार्टरमधून दोन माणसं कमी केली.

पण साखर फार लवकर संपू लागली. मला संशय आला तो साखरेवरून. एका रविवारी मी सकाळी दुकानात जाऊन बसलो.

एक पल्लेदार आला. खांद्यावरचं पोतं भिंतीला टेकवलं, पैसे ओट्यावर ठेवले, खस मागितला. दादांनी पेला भरून दिला. तो गटागटा प्याला. पेला खाली येतोय तोच दादांची झारी पुढे आली आणि पेला पुन्हा भरला. पल्लेदाराने दादांकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि तोही प्याला. झारी पुन्हा पुढे. तिसरा पिऊन त्याने तोंड पुसलं, पेला उपडा ठेवला आणि आपल्या जोडीदाराला हाक मारली, "आ जा रे! इधर एक के दाम में पेट भर के मिलता है!"

जोडीदार आला. त्याच्यामागून आणखी दोघे.

मी तासभर बसलो. एकानेही पेल्यावर हात धरला नाही. धरणार कसा? त्या खुणेचा अर्थ दाल बाज़ारात कोणाला ठाऊक होता? त्यांना वाटत होतं हा या दुकानाचा रिवाजच आहे. एका पेल्याचे पैसे द्यायचे आणि पुरे होईपर्यंत प्यायचं. दुकान चालत नव्हतं, पाणपोई चालली होती, आणि तीही साखर घातलेली.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा मी म्हणालो, "दादा, दुसरा पेला का भरता?"

"रिकामा होता."

"त्याने मागितला नव्हता."

"मागायला लावायचं त्याला?"

"त्याचे पैसे वेगळे घ्यायचे."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाहुण्याच्या पानातली पोळी मोजतोय. "पेला रिकामा घेऊन माणूस माझ्यासमोर उभा आहे आणि मी झारी धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहू? मला ते जमत नाही रे. हात आपोआप जातो."

हात आपोआप जातो हे खरं होतं. त्यानंतर त्यांनी प्रयत्नही केला. मी त्यांना पाहिलं आहे. झारी ओट्याखाली ठेवून ते पाठ फिरवत, पंच्याने उगीच माठ पुसत. मागे पेला ठेवल्याचा आवाज आला की त्यांची मान ताठ होई. कधी तेवढ्यावर निभावे. बहुतेक वेळा ते वळत आणि भरत. पेले लहान घ्या असं मी सुचवलं, तर म्हणाले, लहान पेला लवकर रिकामा होतो. हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

एकदा त्यांच्या सरदारांकडचे एक वृद्ध कारकून, आमच्यासारखेच दख्खनी, बाजारात आले असता दुकानात थांबले. दादांनी त्यांना पीयूष दिलं. त्यांनी एक पेला घेतला आणि वर अलगद हात धरला. दादा मागे सरकले. त्या संध्याकाळी जेवताना दादा दोनदा म्हणाले, "माणूस जाणता होता." आम्हां सगळ्यांना कळत होतं की असा माणूस दाल बाज़ारात महिन्यातून एखादा येणार.

नातेवाइकांतही बोलणं सुरू झालं. आमचे एक मामा, जे नेहमी दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी हसत सांगतात, ते म्हणाले, "तुमच्या दादांनी दानधर्म काढलाय म्हणे. आम्हांलाही पुण्य मिळेल का दोन पेले?" वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मामा, तुम्हांला घरीच देते. तिथे रांग असते."

पाऊस आला, गर्दी कमी झाली, आणि पाऊस सरताना आम्ही हिशेबाला बसलो. साखरेचा खर्चही निघाला नव्हता, आणि ते दादांनाही दिसत होतं. थंडीत तर खस आणि पना कोणी विचारणार नव्हतं.

"चहा ठेवा," मी म्हणालो.

"उकळलेला पाला," दादा म्हणाले. "त्याला मराठीत धड नावसुद्धा नाही. तो मी विकणार नाही."

"मग सामान बांधायला घ्या."

हे मी रागाने म्हणालो नव्हतो. कचेरीतून निघायची तारीख कळली होती आणि मला क्वार्टरची मागणी किती माणसांसाठी करायची ते कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डोक्यावरून पदर घेऊन बाहेर निघाल्या. त्यांच्या हातात टोपली होती. "कुठे?" असं माझ्या पत्नीने विचारलं, तर म्हणाल्या, "कुंभाराकडे." त्या परतल्या त्या थेट दुकानात. टोपलीत कुल्हड होते, मातीचे, एकदा प्यायचे आणि फेकायचे. पुढचं मला दादांनी नाही, शेजारच्या आडतीतल्या मुनीमाने सांगितलं.

वहिनींनी ओट्यावरचे कल्हईचे पेले एकात एक घालून आत नेले आणि जागेवर कुल्हड मांडले.

"हे काय?" दादा म्हणाले. "लोकांना मडक्यात पाजायचं?"

"माणसांनाच पाजायचं. पण एकदा."

"तू घरी जा. बाजारात बसणार आहेस का आता? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मी ऐकून आले आहे. आता मला चूल पेटवू द्या."

आमच्या घरातली बाई त्याआधी कधी बाजारात बसली नव्हती. सरदारांच्या घरी त्या सणावाराला जात, तेही बंद टांग्यातून. पण चूल पेटली. चहा उकळला, आलं घालून. पहिला पल्लेदार आला, कुल्हडातला चहा फुर्र करून प्याला आणि कुल्हड रस्त्याकडेला भिरकावून दिला. तो फुटला. दादा झारी घेऊन उभे होते. भरायला समोर काही नव्हतं.

महिन्याभरात चित्र पालटलं. जे ब्राह्मण आणि बनिये मुनीम आजवर दुसऱ्यांच्या उष्ट्या पेल्यात प्यायला कचरत होते, तेही कुल्हडासाठी येऊ लागले. वहिनींना लोक आधी "दक्खिनी बाई" म्हणत, मग "बाईसाब". त्या कोणाशी जास्त बोलत नसत. पैसे आधी घेत, कुल्हड मग देत. एक पल्लेदार म्हणाला, "बाईसाब, दद्दा तो दूसरा भी देते थे." वहिनी म्हणाल्या, "दद्दा राजा के यहाँ थे. हम बाज़ार में हैं." आणि चहा गाळत राहिल्या. तो हसला आणि दुसऱ्या कुल्हडाचे पैसे काढले.

आकडे जुळले. दोन माणसांना पुरेल एवढं दुकान उभं राहिलं होतं. मी दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने मांडून पाहिलं, कारण घाईने केलेल्या हिशेबावर मी विश्वास ठेवत नाही. तरी तेवढंच आलं. भोपाळच्या क्वार्टरसाठी मी चार माणसं लिहून दिली आणि घरी येऊन सांगितलं. पत्नीने देवापुढे साखर ठेवली.

दादा त्या वेळी आतल्या खोलीत होते. काही दिवसांपासून ते दुकानात उशिरा जात आणि लवकर येत. तिथे त्यांना करण्यासारखं उरलं नव्हतं. चूल वहिनींकडे, पैसे वहिनींकडे, आणि देणं-घेणं असं की कुणीही करावं. दादा ओट्याच्या कोपऱ्यात बसत. ओळखीचं कोणी आलं की उठून "या, बसा" म्हणत. पण दाल बाज़ारात चहा प्यायला कोणी बसत नाही.

ते बाहेर आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "चार नको. पाच लिही."

मला आधी कळलं नाही.

"मी येतो तुझ्याबरोबर."

"दादा, आता तर दुकान बसलंय. ज्यासाठी एवढं केलं..."

"दुकान तिचं बसलंय," ते म्हणाले. "माझं नाही. मी तिथे फुटलेल्या खापऱ्यांकडे बघत बसतो. तुझ्याकडे निदान मुलांना पाणी देईन."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या नुकत्याच दुकानातून आल्या होत्या, हाताला धुराचा वास होता. मला वाटलं त्या रडतील, किंवा भांडतील, किंवा म्हणतील की मग मीही येते, सोडा हे दुकान. त्या आत जाऊन हात धुऊन आल्या.

"तिथे ह्यांना संध्याकाळी ताक देऊ नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "खोकला होतो."

"वहिनी, तुम्ही एकट्या..."

"शेजारच्या आडतीतल्या मुनीमाची विधवा बहीण आहे, तिला सोबतीला घेईन. भाडं निम्मं होईल." मग दादांकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मी भोपाळला येऊन काय करू? तिथे मलाही कोणी ओळखत नाही. इथे आता ओळखतात."

दादांनीच तिथे न जाण्यासाठी जे कारण दिलं होतं, तेच हे होतं. क्वार्टरच्या अर्जात मी चाराचे पाच केले. माझ्या हिशेबात दोघांनी राहायचं किंवा दोघांनी यायचं, असे दोनच मार्ग धरलेले होते. एकाने राहायचं आणि एकाने यायचं हा तिसरा मी कधी मांडूनच पाहिला नव्हता.

निघायच्या दिवशी टांगा स्टेशनकडे जाताना दादांनी तो दाल बाज़ारातून घ्यायला सांगितला. थंडी पडली होती आणि दुकानापुढे गर्दी होती. टांगा थांबला. वहिनींनी आम्हांला पाहिलं, हात पुसले आणि वाट काढत बाहेर आल्या. मुलांच्या हातात शेवेची पुडी दिली, माझ्या पत्नीला कुंकू लावलं. दादा खाली उतरले नाहीत. त्यांनी मांडीवर पंच्याची घडी धरली होती.

"खोली गरम ठेवत जा," दादा म्हणाले. "चुलीपासून उठून एकदम वाऱ्यात येऊ नकोस."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "बाईसाब, दो कुल्हड!"

वहिनींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "जाते," त्या म्हणाल्या. हे त्या दादांना म्हणाल्या की गिऱ्हाइकाला, मी नक्की सांगू शकत नाही. त्या वळल्या आणि गर्दीत शिरल्या. दादांनी टांगेवाल्याला "चलो" म्हटलं.